घरच्या घरी अंबाडा: लांब केसांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून आकडे, जाळी किंवा गंगावन नेणाऱ्या ग्राहकांची एक तक्रार वारंवार कानावर येते, ती म्हणजे घरातून निघताना नीट बसलेला अंबाडा मंगलाष्टके संपेपर्यंत मानेवर उतरलेला असतो. त्यावर उपाय म्हणून बहुतेक जणी आणखी पिना खोचतात. आमचा व्यवसाय पिना विकण्याचा असला तरी, अंबाडा मुख्यतः पिळावर उभा राहतो आणि आकडे तो पीळ उलगडू नये एवढ्यापुरतेच असतात, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

शक्य असल्यास केस आदल्या दिवशी धुवावेत. नुकतेच न्हालेले, विशेषतः कंडिशनर लावलेले केस निसरडे असतात आणि त्यांत आकडा टिकत नाही. ओले केस तर मुळीच बांधू नयेत, कारण ओला केस जास्त ताणला जातो व लवकर तुटतो, शिवाय अंबाड्याच्या आत तो तासन्‌तास वाळत नाही. रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून सुरुवात करून हळूहळू वर येत गुंता सोडवावा आणि खोबरेल तेलाचा एखादाच थेंब तळहातांवर चोळून सुटणाऱ्या बटांवरून फिरवावा.

मानेवरच्या केसांच्या रेषेपासून सुमारे दोन बोटे वर, कापडी आवरणाच्या रबराने केस एकत्र बांधावेत. बांधलेल्या केसांचे दोन सारखे भाग करून दोन्ही भागांना उजवीकडे पीळ द्यावा आणि मग ते एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळत न्यावेत. दोरखंड वळतात तो हाच प्रकार असून, दोन्ही पीळ परस्परविरुद्ध असल्यामुळे ते एकमेकांना उलगडू देत नाहीत. दोन्ही वेळा एकाच दिशेने पीळ दिला, तर हात सोडताच केस मोकळे होतात. ही चूक फार सर्रास होते. हा पेड रबराभोवती डोक्यालगत चपटा गुंडाळावा आणि शेंडा शेवटच्या वेढ्याखाली सारून द्यावा.

आकडा लावताना त्याची टोके अंबाड्याच्या कडेवरचे थोडे केस पकडून बाहेरच्या बाजूने टाळूपर्यंत न्यावीत, टाळूलगतचे थोडे केस त्यात घ्यावेत आणि मग आकडा उलटा वळवून मध्यभागाकडे सरकवावा. सरळ खोचलेला आकडा आला तसा निघून जातो, तर असा वळवलेला आकडा दोन्हीकडच्या केसांना अडकून राहतो. वर, खाली आणि दोन्ही बाजूंना एकेक लावून डोके हलवून पाहावे. सहा आकड्यांनंतरही अंबाडा हलत असेल, तर सातवा न लावता अंबाडा सोडून पीळ पुन्हा द्यावा. काळ्या पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे असावी. पुष्कळ जणी ती नेमकी उलटी लावतात. पिन दातांनी उघडू नये, कारण एकदा फाकलेली पिन पुन्हा घट्ट धरत नाही (आणि दातांचेही नुकसान होते).

केस विरळ असल्यास पिळाऐवजी सैल तिपेडी वेणी घालून तिच्या कडा बोटांनी थोड्या ओढून मग ती गुंडाळावी, म्हणजे अंबाडा भरीव दिसतो. गंगावन त्यानंतरचा पर्याय आहे. दाट व जड केसांचा अंबाडा डोक्यावर उंच घेतल्यास काही वेळाने डोके दुखू लागते, म्हणून तो मानेच्या वर, रुंद आणि चपटा ठेवणेच बरे.

लग्नघरातील अंबाड्याला आणखी एक बाब सांभाळावी लागते. मुंडावळ्यांची दोरी डोक्यामागे बांधली जाते, त्यामुळे गाठीपुरती जागा आधीच मोकळी ठेवावी, नाहीतर बांधणाऱ्याच्या हाताने अंबाडा सरकतो. जाळी आधी बसवावी आणि गजरा अगदी शेवटी माळावा. पिन फुलांतून न घालता गजऱ्याच्या दोऱ्याला अडकवावी, कारण टोचलेला मोगरा लवकर काळवंडतो. तोवर गजरा ओलसर कापडात गुंडाळून ठेवावा. अबोलीला सुगंध नसला तरी ती मोगऱ्यापेक्षा जास्त वेळ ताजी राहते, हे दिवसभराच्या समारंभात उपयोगी पडते.

अंबाडा सोडताना आधी सर्व पिना मोजून काढाव्यात, मगच पीळ उलगडावा. रोज एकाच जागी ताणून बांधलेल्या अंबाड्यामुळे कानशिलांजवळचे केस विरळ होऊ शकतात, म्हणून जागा अधूनमधून बदलावी. टाळू दुखत असल्यास किंवा बारीक पुटकुळ्या आल्यास केस मोकळे ठेवावेत आणि त्रास कायम राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. टोकाचा मणी निघालेली पिन टाळूला ओरखडते. तशी पिन पाकिटात आढळल्यास दुकानात आणून द्यावी, ती बदलून मिळेल.