न्यासाचे प्रशासनस्थान व त्याचे स्थलांतर

विश्वस्तांच्या बैठका जेथे भरतात, निर्णय जेथे होतात आणि इतिवृत्ते, पावतीपुस्तके व हिशेबाच्या वह्या जेथे ठेवल्या जातात, ते न्यासाचे प्रशासनस्थान होय. पत्रव्यवहाराचा पत्ता त्याहून वेगळा असू शकतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १८ नुसार न्यासाचे कार्यालय ज्या विभागात किंवा उपविभागात आहे, अथवा त्याची मिळकत वा मिळकतीचा मोठा भाग जेथे आहे, तेथील उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज करावा लागतो. नोंदणी क्रमांकात न्यासाचा प्रकार दाखवणारे अक्षर, अनुक्रमांक आणि कंसात ठिकाणाचे नाव येते.

मराठवाड्यात अनेकदा संस्था जागेवरच राहिल्या आणि अधिकारक्षेत्रे बदलली. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. तेथील देवस्थानांना १३४९ फसली या निजामकाळातील महसुली वर्षाचे एंडोमेंट (धर्मादाय संस्थांविषयीचे) नियम लागू होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला. पुढे १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये हिंगोली हे जिल्हे निर्माण झाले. त्यामुळे जुन्या न्यासाची फाईल शोधताना त्या काळी गाव कोणत्या जिल्ह्यात होते, हे आधी पाहावे लागते.

स्थलांतराचा प्रश्न बहुधा विश्वस्त पुण्या-मुंबईत स्थायिक झाल्यावर उभा राहतो. कार्यालय हलवायचे असेल तर प्रथम न्यासाची घटना वाचावी. तीत गावाचे नाव असेल तर साध्या ठरावाने काम भागत नाही, आधी घटनादुरुस्ती करावी लागते. नोंदवहीतील तपशिलात बदल झाल्यावर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत तो कळवणे बंधनकारक आहे. यालाच व्यवहारात चेंज रिपोर्ट म्हणतात. देवस्थानाच्या बाबतीत दर्शनाला नेहमी येणारा भाविकही कायद्याच्या दृष्टीने हितसंबंधी व्यक्ती असतो. म्हणून ठरावाची माहिती गावात, देवळाच्या फलकावर लागली पाहिजे. हरकत घेण्यासाठी बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पुण्याची वारी करावी लागत असेल, तर त्याचा हक्क कागदावरच राहतो.

कार्यालय हलले तरी जमीन हलत नाही. कलम ५० खालचा, म्हणजे विश्वासभंग किंवा न्यासाच्या मिळकतीविषयीचा दावा, ती मिळकत पूर्णतः वा अंशतः जेथे आहे तेथील न्यायालयात दाखल करता येतो. शेतजमीन विकायची किंवा दहा वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने द्यायची असेल तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश इनाम जमिनींवर तर हैदराबाद काळातील इनाम व अतियात (राज्यकर्त्यांनी दिलेली अनुदाने) कायद्यांचेही बंधन आहे, आणि त्यांची प्रकरणे जमीन असलेल्या जिल्ह्याच्या महसूल यंत्रणेकडेच राहतात. तुळजाभवानीसारख्या क्षेत्राच्या न्यासाचे उद्दिष्टच त्या स्थळाशी जोडलेले असते; त्याचे प्रशासन अन्यत्र नेणे उद्दिष्टालाच बाधक ठरेल.

राज्याबाहेरचे स्थलांतर अधिक गुंतागुंतीचे आहे. नांदेडच्या न्यासाने कार्यालय हैदराबादला नेले, तर तेथे १९८७ चा वेगळा धर्मादाय व हिंदू धार्मिक संस्था कायदा आहे, आणि नांदेडची मिळकत मात्र महाराष्ट्राच्या कायद्याखालीच राहते. न्यासांविषयीच्या १९८५ च्या हेग करारानुसार न्यासकर्त्याने कायदा निवडलेला नसेल तर प्रशासनस्थान, मिळकतीचे ठिकाण, विश्वस्तांचे वास्तव्य आणि उद्दिष्ट जेथे पूर्ण व्हायचे ते ठिकाण पाहून लागू कायदा ठरतो. भारत या करारात सामील नाही. अमेरिकेतील राज्यांसाठी तयार झालेल्या एकरूप न्याससंहितेत मुख्य प्रशासनस्थान बदलण्यापूर्वी पात्र लाभार्थींना किमान ६० दिवस आधी सूचना देण्याची तरतूद आहे.

काही संस्थांचे अधिकारक्षेत्र स्वतंत्र कायद्यानेच ठरलेले असते. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब गुरुद्वाराचा कारभार हैदराबाद राज्याच्या १९५६ च्या कायद्यानुसार चालतो. वक्फ मिळकती वक्फ मंडळाच्या कक्षेत येतात आणि महाराष्ट्राच्या या मंडळाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे.