उपग्रहाचा पाऊस आणि पंचगंगेचे मॉडेल : पार्श्वभूमी

पावसावरून नदीचा विसर्ग काढणाऱ्या, कोल्हापूरच्या पंचगंगा खोऱ्याच्या मॉडेलमध्ये उपग्रहाने टिपलेला पाऊस वापरण्याची चर्चा 2019 च्या महापुरानंतर वाढली. साधने मात्र त्याच्या दोन दशके आधीपासून उपलब्ध होती. नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिका आणि जपान यांच्या अवकाश संस्थांनी सोडलेल्या उपग्रहावर अवकाशातले पहिले पर्जन्य-रडार होते. तोपर्यंत अंदाज प्रामुख्याने ढगमाथ्याच्या तापमानावरून बांधला जाई : ढग जितका थंड, तितका पाऊस जास्त. सह्याद्रीत हा ठोकताळा फसे, कारण घाटाला अडणाऱ्या मोसमी वाऱ्यांचा बराच पाऊस फार उंच न गेलेल्या, म्हणजे उबदार माथ्याच्या ढगांतून पडतो.

त्या पिढीची आकडेवारी पाव अंशाच्या चौकोनांत मिळे आणि एका चौकोनाची बाजू सुमारे 27 किमी असे. गगनबावड्यापासून कोल्हापूर शहरापर्यंतचा प्रदेश अशा जेमतेम दोन चौकोनांत संपतो आणि तेवढ्याच अंतरात पाऊस कित्येक पटींनी उतरतो. फेब्रुवारी 2014 मध्ये पुढचा उपग्रह गेल्यावर चौकोन 0.1 अंशाचा, म्हणजे सुमारे 11 किमीचा झाला आणि आकडे दर अर्ध्या तासाचे मिळू लागले. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती या पंचगंगेच्या उपनद्यांच्या पावसात भेद करणे खऱ्या अर्थाने तेव्हा शक्य झाले.

यानंतरचा बहुतेक वाद ‘कॅलिब्रेशन’ या एका शब्दाभोवती फिरतो. उपग्रहावरील उपकरणांचे मापन एकमेकांशी जुळवून घेणे, हे एक कॅलिब्रेशन. उपग्रहाचा पाऊस जमिनीवरील पर्जन्यमापकांशी ताडून दुरुस्त करणे, यालाही अनेक जण तेच म्हणतात. आणि मॉडेलने काढलेला विसर्ग नदीवर मोजलेल्या विसर्गाशी जुळेपर्यंत मॉडेलचे गुणांक बदलत राहणे, हे तिसरे. अहवालात ‘कॅलिब्रेशन केले’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा यांपैकी कोणते केले हे वाचणाऱ्याने ताडायचे.

हा घोळ केवळ शब्दापुरता नाही. घाटमाथ्यावर उपग्रह पाऊस कमी दाखवतो, हे पश्चिम घाटावरील अभ्यासांत वारंवार आढळले आहे. अशा वेळी आधी पाऊस दुरुस्त करावा, की आहे तो पाऊस ठेवून मॉडेलच जुळवून घ्यावे? दुसऱ्या बाजूचे म्हणणे अगदीच निराधार नाही : पर्जन्यमापक प्रामुख्याने वस्तीच्या गावांत आणि धरणांवर आहेत, डोंगरउतारावर विरळ, मग दुरुस्ती करायची ती कशाच्या आधारे? परंतु त्या वाटेने गेल्यास उपग्रहाने कमी दाखवलेल्या पावसाची भरपाई मॉडेल जमिनीकडून करून घेते. कर्व्ह नंबर, म्हणजे पडलेल्या पावसातले किती पाणी वाहून जाईल हे ठरवणारा आकडा, वर सरकवला जातो, बाष्पीभवन घटवले जाते, आणि राधानगरीचे दाट जंगल कागदावर उघड्या कातळासारखे पाणी सोडू लागते. कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्यावरचा विसर्गाचा आलेख सुरेख जुळतो, पण त्यामागचे खोरे खरे राहत नाही. आधी पाऊस, मग मॉडेल, हाच क्रम रास्त ठरतो, मग त्यासाठी घाटात चार मापके नव्याने बसवावी लागली तरी चालेल.

2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये, जिथे 43 फूट ही धोका पातळी आहे त्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले. त्यानंतरच्या चर्चेत कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्यालाच अधिक जागा मिळाली. उपग्रहाच्या पावसाबाबत मात्र एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. त्याची पहिली आवृत्ती सुमारे 4 तासांत मिळते, तर मापकांच्या मासिक आकड्यांनी दुरुस्त केलेली अंतिम आवृत्ती साडेतीन महिन्यांनी येते. अभ्यासात अंतिम आवृत्ती वापरायची आणि निष्कर्षात पूर-इशाऱ्याची ग्वाही द्यायची, असे सर्रास घडते. जुलैचा पूर ओसरून दिवाळी आली तरी ती आवृत्ती हाती नसते.

ताळा करताना आणखी एक चूक मुरते. आपल्याकडचा पर्जन्यदिन सकाळी 8.30 ला संपतो. मापकाचे पाणी काचपात्रात ओतून आकडा नोंदवला जातो तो त्या वेळी. उपग्रहाची दैनिक बेरीज जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे 5.30 ला तुटते. मधल्या 3 तासांत गगनबावड्यात मुसळधार पाऊस झाला, तर तो मापकाच्या वहीत सरत्या दिवसात आणि उपग्रहाच्या वहीत नव्या दिवसात मोजला जातो. अर्ध्या तासाचे आकडे घेऊन 8.30 ते 8.30 अशी बेरीज नव्याने केली, की ही तफावत जाते.