अक्षर कशाचे: वस्तूचे की संख्येचे?

सातवीतल्या एका मुलीच्या वहीत परवा हे उदाहरण पाहिले. पाच पेन आणि तीन वह्या यांची मिळून किंमत १४० रुपये. तिने पेनासाठी प आणि वहीसाठी व घेऊन ५प + ३व = १४० असे लिहिले होते. इथवर मांडणी अगदी बरोबर. खालच्या ओळीत ८पव = १४० होते आणि त्यावर लाल फुली. मी विचारले, "प म्हणजे काय?" ती म्हणाली, "पेन." "आणि व?" "वही." मग पाच पेन आणि तीन वह्या मिळून आठ पेन-वह्या झाल्या, यात तिला काही खटकण्याचे कारणच नव्हते. प म्हणजे पेन नव्हे, एका पेनाची किंमत, हे वहीत कुठेही लिहिलेले नव्हते.

शाब्दिक उदाहरणावरून बैजिक राशी, म्हणजे अक्षरे आणि संख्या यांची मांडणी, लिहिताना मुले जिथे अडतात ती जागा बहुतेक वेळा हीच असते. बेरीज-वजाबाकी त्यांना येत असते, समीकरणही सोडवता येते. अक्षर कशाच्या बदली आले आहे, एवढेच कळलेले नसते. हा गोंधळ आजचा नाही, पण तो वाढवण्यात आपण वापरलेल्या शब्दांचा वाटा आहे.

आपल्याकडे अज्ञात संख्येला पूर्वी 'अव्यक्त' म्हणत. इ.स. ६२८ मधल्या ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात अव्यक्तांना रंगांची नावे देण्याची रीत दिसते. ती पूर्ण बहरलेली पाहायची तर ११५० च्या सुमाराच्या भास्कराचार्यांच्या बीजगणिताकडे यावे लागते. तिथे पहिले अव्यक्त म्हणजे यावत्तावत्. पुढची कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची पहिली अक्षरे घेत: या, का, नी, पी, लो. सुट्या संख्येला रूप म्हणत आणि 'रू' लिहीत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब असे.

त्यातले घोड्यांचे उदाहरण आजही वर्गात जसेच्या तसे घालता येते. एकाजवळ ३०० रूपे आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच भावाचे दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० चे ऋण आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती? मांडणी दोन ओळींची: वर 'या ६ रू ३००', खाली 'या १० रू १००', आणि या शेवटच्या शंभरावर टिंब. वरच्या सहा 'या' खालच्या दहातून गेल्या की चार उरतात. ३०० आणि १०० मिळून ४००. उत्तर १००.

'या' हे घोड्याचे अक्षर नाही. यावत्तावत् म्हणजे जितके असेल तितके. शब्द उच्चारला की लगेच कळते की हे एखाद्या परिमाणाचे नाव आहे, जनावराचे नाही. काळा, निळा, पिवळा या रंगांचाही घोड्याशी काही संबंध नाही, त्यामुळे नी म्हणजे अमुक वस्तू असा घोटाळा होण्याची सोयच उरत नाही. रत्नांच्या एका उदाहरणात मात्र माणिक, नीळ, मोती यांची आद्याक्षरे मा, नी, मु अशी येतात. म्हणजे दोन्ही रिती चालत होत्या. शाळेत आज बहुधा दिसते ती दुसरी, आणि त्याबद्दल मला वाईट वाटते. भास्कराचार्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. म्हणजे ही परंपरा आपल्याच मातीतली आहे, आणि आपल्याच वर्गांतून ती गेली.

युरोपात १५९१ मध्ये अज्ञातासाठी स्वर आणि ज्ञातासाठी व्यंजने अशी वाटणी झाली. १६३७ मध्ये वर्णमालेची शेवटची अक्षरे अज्ञातासाठी आणि सुरुवातीची ज्ञातासाठी ही रीत आली, तीच आजवर टिकली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पुस्तकांवरून मराठीत गणित उतरू लागले तेव्हा त्या एक्सच्या जागी 'क्ष' बसला. १८९५ मध्ये सापडलेल्या अज्ञात किरणांनाही मराठीने क्ष-किरणच म्हटले. मागच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, 'क्ष मानू' हे शब्द त्यांच्या तोंडावर असतात. आताच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकांत रोमन अक्षरे आहेत. पुढच्या शिक्षणासाठी ते सोयीचे आहे, हे मान्य. पण क्ष हा कोणत्याही वस्तूचे आद्याक्षर वाटत नसे, हा त्याचा मोठा गुण होता.

खरी गुंतागुंत 'चल' या शब्दाने केली. इंग्रजी 'व्हेरिएबल' या शब्दाचा अर्थ बदलणारे, म्हणून परिभाषा ठरवणाऱ्यांनी मराठीत चल घेतला, आणि त्याच्या जोडीला अचल किंवा स्थिरांक. सूत्रासाठी हा शब्द चपखल आहे. काड्यांचे एकाला एक जोडलेले चौरस करायचे असतील तर एका चौरसाला ४ काड्या, दोनला ७, तिनाला १०. न चौरसांना ३न + १ काड्या. इथे न खरोखर चल आहे, आज ५, उद्या ५०. राष्ट्रीय पातळीवरच्या सहावीच्या २००६ च्या पुस्तकाने काड्यांच्या नक्षीपासूनच सुरुवात केली होती, आणि चल म्हणजे ज्याची किंमत बदलू शकते ते, असे सांगितले होते.

पण घोड्याची किंमत बदलत नाही. ती १०० आहे, उदाहरण घालणाऱ्याला ती आधीपासून ठाऊक आहे, सोडवणाऱ्याला नाही, इतकेच. पेनाचेही तसेच. म्हणजे आपण एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या: बदलणारी संख्या आणि न कळलेली संख्या. जुन्या अव्यक्ताने दुसरी गोष्ट नेमकी सांगितली होती. चल आला आणि ती सांगायला शब्दच उरला नाही. सहावीतले पोर विचारते, "सर, चल आहे तर त्याचे एकच उत्तर कसे?" हा प्रश्न बरोबर आहे. वर्गात त्याला मिळणारे उत्तर बहुधा "पुढे कळेल" असते.

राज्याच्या पुस्तकांनी पायऱ्या विचारपूर्वक लावल्या आहेत: पाचवीत बीजगणिताची पूर्वतयारी, सहावीत समीकरणे, सातवीत बैजिक राशी. पूर्वतयारीची कल्पना मला फार चांगली वाटते. तरीही सातवीत चल हा शब्द ठळक होतो, आणि आधी समीकरणात शिकलेले 'न कळलेले' त्याखाली दबून जाते. २०२५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर आलेल्या सातवीच्या नव्या पुस्तकाने निराळी वाट धरली. त्यातल्या प्रकरणाच्या नावातच अक्षर-संख्या अशा अर्थाचा जोडशब्द आहे. अक्षर ही एक संख्या आहे, हे नावच सांगते. काही शिक्षकांना हा शब्द बाळबोध वाटतो, पुढच्या इयत्तेत पुन्हा चल शिकवावाच लागेल असे ते म्हणतात. लागेल. पण ८पव लिहिणाऱ्या मुलीला आज हवा आहे तो हाच शब्द.

अक्षराला वस्तू समजण्याची ही चूक लहान मुलांपुरती नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य दिले गेले: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. समीकरण लिहा. एक तृतीयांशाहून अधिक जण चुकले, आणि नेहमीची चूक ६वि = प्रा ही होती; हवे होते वि = ६प्रा. इंग्रजीत सहा आणि विद्यार्थी हे शब्द जवळ येतात, त्याच क्रमाने हात चालतो. मराठी वाक्य याबाबतीत मदत करते. 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी' असे म्हटले की सहा प्राध्यापकांनाच चिकटतो. पण तेच 'एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी' असे लिहा, आणि मराठी मूलही ६वि लिहून मोकळे होईल.

भाषेने दिलेली आणखी एक सवलत अशीच. 'एका संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने लहान' हे बोलाल त्या क्रमाने लिहा: २क्ष − ३. इंग्रजीत तीन आधी येतो आणि मुले ३ − २क्ष लिहून बसतात. सेमी-इंग्रजीत गेलेली आपली मुले हा आधार गमावतात आणि वाक्य उलटे करायला नव्याने शिकतात. दीडपट, सव्वापट, अडीचपट हे शब्द तर एका दमात गुणक देतात. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीला 'पाऊणपट' म्हणजे तीन छेद चार हे सांगावे लागत नसे. भाषा दगा देते ती 'पटीने वाढली' इथे. पगार दुपटीने वाढला म्हणजे २क्ष झाला की ३क्ष? बोलण्यात आपण २क्ष समजतो, पेपरात ते स्पष्ट लिहिलेले बरे.

दहावीच्या समीकरणांच्या उदाहरणात पहिली ओळ 'मानू'ची असते: एका पेनाची किंमत क्ष रुपये मानू. पुष्कळ मुले ती गाळून थेट समीकरणावर जातात, किंवा 'पेन = क्ष' एवढेच लिहितात. त्या सातवीतल्या मुलीकडून मी तीच ओळ लिहून घेतली, 'किंमत' आणि 'रुपये' या दोन शब्दांसह. तिने पुन्हा ५प + ३व लिहिले, थोडी थांबली, आणि म्हणाली, "हे पुढे मिळवता नाही येणार. दोन्हींच्या किमती वेगळ्या आहेत."