डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड: दोन्हींना ‘उदासीन’ म्हणून मोकळं होऊ नका

आमच्याकडे इंदूरला सध्या भावाची मुलगी कॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतेय. भंवरकुआंला क्लास, आणि घरी रामबागेत फ्रिजच्या दारावर वर्ड लिस्टची पिवळी कार्डं, पुढे इंग्रजी शब्द मागे हिंदी अर्थ. परवा मॉक टेस्टमध्ये एका पॅसेजवर प्रश्न होता की लेखकाचा टोन कसा आहे, तिने ‘अनइंटरेस्टेड’वर टिक केलं आणि बरोबर उत्तर होतं ‘डिसइंटरेस्टेड’. चिडली होती खूप. म्हणे, “आत्या, दोन्हींचा अर्थ उदासीनच तर आहे ना!” मी कार्डं काढून बघितली तर खरंच, दोन्हींच्या मागे एकच शब्द, उदासीन. म्हणजे पोरीने पाठ अगदी बरोबर केलं होतं, कार्डच चुकीचं होतं.

घोळ मुळात ‘इंटरेस्ट’ शब्दातच आहे, कारण इंग्रजीत तो एक नाही दोन कामं करतो. एक म्हणजे रस, गोडी, मला गाण्यात इंटरेस्ट आहे वगैरे, हा आपण रोज बोलतो. दुसरा म्हणजे हितसंबंध, आपला काही फायदा-तोटा अडकलेला असणं, पेपरात ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ वाचतो ना तो हा. बँकेचं व्याज पण ह्याच शब्दातलं. मूळ लॅटिन, ‘मध्ये असणं’ असा त्याचा अर्थ. आता ‘अनइंटरेस्टेड’ पहिल्या अर्थाला नाही म्हणतो, म्हणजे रसच नाही, जांभया येताहेत, आणि ‘डिसइंटरेस्टेड’ दुसऱ्याला नाही म्हणतो, म्हणजे रस भरपूर असू शकतो पण स्वतःचा स्वार्थ मध्ये नाही. आपल्याकडे त्यासाठी किती छान शब्द आहे, त्रयस्थ! भांडणारे दोघं, आणि हा तिसरा बाजूला उभा.

तिला मी रामशास्त्री प्रभुण्यांचं उदाहरण दिलं. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी खुद्द रघुनाथरावांना दोषी धरून देहांत प्रायश्चित्त सांगितलं. आता विचार करा, तो माणूस अनइंटरेस्टेड असता तर प्रकरण वर कशाला काढलं असतं, गप्प बसला असता की. त्यांना त्या खटल्यात जीव तोडून रस होता. आणि हितसंबंध नव्हता असंही नाही, नोकरी त्याच दरबाराची होती, पण तो त्यांनी निकालाच्या आड येऊ दिला नाही. डिसइंटरेस्टेडचा खरा अर्थ इथे कळतो, नुसता ‘निःपक्ष’ लिहिला तर अर्धाच कळतो.

घरातलं उदाहरण हवं असेल तर आम्ही प्लॉट घेतला तेव्हाचं सांगते. दलाल रोज फोन करायचा, गोड बोलायचा, त्याला सौदा झाला तर दलाली मिळणार होती, म्हणजे तो इंटरेस्टेड, दोन्ही अर्थांनी. शेजारचे एक रिटायर्ड काका, त्यांना एक पैसा मिळायचा नव्हता, तरी रजिस्ट्रीची कॉपी घेऊन भिंग लावून दीड तास एकेक ओळ वाचत बसले आणि शेवटी म्हणाले, डायव्हर्शनचा, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरता येते ह्याचा, कागद कुठंय, तो बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. हा डिसइंटरेस्टेड अ‍ॅडव्हाइस. आणि माझा भाऊ त्या वेळी मॅच बघत होता, “तुम्ही ठरवा काय ते” म्हणाला, तो अनइंटरेस्टेड. काकांना आणि भावाला एकाच शब्दात बसवणं म्हणजे काकांवर अन्याय आहे, मला खरंच वाटतं तसं.

मग हा ‘उदासीन’ आला कुठून? तर तो शब्द पूर्वी चुकीचा नव्हता. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना ‘उदासीनो गतव्यथः’ येतं, तिथे उदासीन म्हणजे कुठल्याच बाजूला न झुकणारा, हे कौतुक आहे. आज मराठीत ‘प्रशासन उदासीन’ म्हटलं की ती तक्रार असते. म्हणजे आपला शब्द डिसइंटरेस्टेडकडून निघून अनइंटरेस्टेडकडे पोचला, आणि कार्ड बनवणाऱ्याने दोन्ही काळातले अर्थ एका शब्दात कोंबले. गंमत म्हणजे इंग्रजीतही अदलाबदल झालीये, सतराव्या शतकात डिसइंटरेस्टेड ‘रस नसलेला’ ह्या अर्थी सापडतो आणि अनइंटरेस्टेड ‘निःपक्ष’ ह्या अर्थी, नंतर दोघांनी जागा बदलल्या. आजही इंग्रज-अमेरिकन लोक बोलताना कंटाळलेल्या माणसाला सर्रास डिसइंटरेस्टेड म्हणतात आणि डिक्शनऱ्या तो वापर नोंदवतात, पण परीक्षेत आणि जपून लिहिलेल्या इंग्रजीत फरक अजून पाळतात, तेव्हा तुम्हीही पाळा.

वाक्यात ओळखायचं असेल तर मागे-पुढे कोण आहे बघा. अनइंटरेस्टेडच्या मागे बहुतेक ‘इन’ लागतो, ही वॉज अनइंटरेस्टेड इन पॉलिटिक्स. डिसइंटरेस्टेड जास्त करून नामाच्या आधी बसतो, ऑब्झर्व्हर, जज, थर्ड पार्टी, अ‍ॅडव्हाइस असल्यांच्या शेजारी. एवढ्याने बरेच प्रश्न सुटतात, सगळे नाही.

कार्डं आम्ही नवीन केली. एकावर तिने लिहिलं ‘रस नाही’, दुसऱ्यावर ‘स्वार्थ मध्ये नाही’ आणि खाली बारीक अक्षरात रामशास्त्री. पण चिकटवता चिकटवता तिला तिसरं कार्ड दिसलं, ‘इंडिफरंट’, त्याच्याही मागे उदासीन! तो आज अनइंटरेस्टेडच्या बाजूचा, म्हणजे असलं काय नसलं काय, फरकच न पडणारा, आणि इंडिफरंट फूड म्हटलं तर सुमार जेवण. पण जुन्या इंग्रजीत तोही निःपक्ष ह्याच अर्थी होता, इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनेत न्याय ‘इंडिफरंटली’ केला जावा असं मागणं आहे. हे ऐकून ती पेन घेऊन परत खाली बसली.