सोलापुरात फोर्कलिफ्ट चालवायला माणूस शिकतो कुठे?

चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फोर्कलिफ्टवर, म्हणजे माल उचलून रचणाऱ्या गाडीवर, बसलेल्या माणसाला हे विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: आधीच्या ऑपरेटरकडे बघून. हेल्पर म्हणून लागायचे, जेवणाच्या सुट्टीत गाडी मागेपुढे करून बघायची, आणि ऑपरेटर सुट्टीवर गेला की सीटवर बसायचे. यात त्या पोरांचा दोष नाही. या शहरात यंत्र शिकण्याची रीत दीडशे वर्षे हीच आहे.

1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. गिरणीत शिकवणारा म्हणजे जॉबर. बदलीवर आलेला पोरगा साच्याशेजारी, म्हणजे यंत्राशेजारी, उभा राहायचा, तुटलेला धागा जोडायला शिकायचा आणि पट्ट्यापासून हात कसा लांब ठेवायचा हे ओरडा खाऊन शिकायचा. या शिक्षणात मोठी ताकद होती, कारण शिकवणारा रोज समोर असे आणि चूक तिथल्या तिथे दिसे. पण जॉबरला जे माहीत नसेल ते शिकणाऱ्यालाही कधीच कळत नसे.

कायद्याचे लक्ष तेव्हा यंत्राकडे होते. 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना लागू झाला आणि त्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितले. 1948 च्या कायद्याने तीच वाट पुढे नेली. कलम 29 नुसार क्रेन, साखळदंड, दोरखंड यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करणे बंधनकारक होते. शिक्षणाचा उल्लेख होता, पण मोजक्या जागी. धोकादायक यंत्रावर अठरा वर्षांखालच्या मुलाला लावायचे असेल तर कलम 23 प्रमाणे त्याला पुरेसे शिक्षण द्यायचे, नाहीतर जाणत्याच्या देखरेखीखाली ठेवायचे. चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करायचे तर कलम 22 प्रमाणे खास शिकवलेला, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेला माणूसच लागे. भोपाळची वायुगळती 1984 ची. त्यानंतर 1987 मध्ये झालेली दुरुस्ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिने माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही मालकाची जबाबदारी ठरवली आणि कलम 111-अ ने सुरक्षेचे प्रशिक्षण मागण्याचा हक्क कामगाराला दिला. हा हक्क किती कामगारांपर्यंत पोहोचला, हे एमआयडीसीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारून बघावे.

फोर्कलिफ्टचा जन्म इकडचा नव्हे. अमेरिकेत क्लार्क कंपनीने 1917 मध्ये कारखान्यातल्या कारखान्यात माल हलवायला एक छोटी गाडी बनवली. 1920 च्या दशकात माल उचलणारे काटे आणि त्यांना वर-खाली नेणारा उभा खांब, म्हणजे मास्ट, आला, आणि दुसऱ्या महायुद्धात पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, माल रचण्याची पद्धत रुळल्यावर ही गाडी सगळीकडे पसरली. तिथेसुद्धा चालकाच्या प्रशिक्षणाचे सविस्तर नियम 1998 मध्ये आले: वर्गात शिकवणे, प्रत्यक्ष चालवून घेणे, कामाच्या जागीच परीक्षा, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी.

आपल्याकडे मात्र एक फट राहिली. मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येतून, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास बनावटीची वाहने वगळलेली आहेत. म्हणजे आरटीओचे लायसन्स हा फोर्कलिफ्टपुरता निकषच नाही. आणि असले तरी ते रस्त्यावरच्या गाडीचे. मग ट्रॅक्टर किंवा टेम्पो चालवता येतो म्हणून माणूस निवडला जातो, आणि अपघाताचे मूळ तिथेच असते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिचे मागचे अंग बाहेर फेकले जाते आणि शेजारी उभा असलेला सापडतो. तिचा तोल पुढची दोन चाके आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य या तीन बिंदूंवर तोललेला असतो. वजन उचलून वळले किंवा उतारावर आडवे गेले की तो ढळतो. पाटीवर लिहिलेली क्षमता ठरावीक अंतरासाठी असते, बहुधा काट्याच्या उभ्या बाजूपासून 500 मिमीवर भाराचा मध्य धरून. भार लांबट झाला की ती क्षमता घटते. भरलेली गाडी उतारावरून उतरवताना भार चढाच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे मागे घेत उतरायचे. आणि गाडी कलंडू लागली तर उडी मारायची नाही; बेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरून, पाय रोवून, पडण्याच्या उलट बाजूला झुकायचे. ट्रॅक्टरवाल्याचे अंग नेमके उडी मारायला शिकलेले असते. हे बघून कळत नाही, कोणीतरी सांगावेच लागते.

सोलापूरचा माल हा आणखी वेगळा प्रश्न. टॉवेल-चादरींचे गठ्ठे, सुताच्या गोण्या हलक्या पण फुगीर, समोरचे काहीच दिसू देत नाहीत. अशा वेळी मागे बघत उलटी गाडी न्यायची असते. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत माणसे हंगामापुरती येतात. गेल्या गळीताचा ऑपरेटर यंदा असेलच असे नाही, म्हणून एकदा दिलेले प्रशिक्षण पुरत नाही. शिवाय अनेक कामगारांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, आणि भिंतीवरची सूचना बऱ्याचदा इंग्रजीत असते.

ओझी पाठीवर वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा झाला. फोर्कलिफ्ट आली की पहिला धक्का त्यांनाच बसतो. थप्पी कुठे झुकते आणि कुठले पोते आधी काढायचे, हे त्यांच्याइतके कोणाला कळते? नवा ऑपरेटर बाहेरून आणण्याआधी त्यांच्यातल्या तरुणांना प्रशिक्षणाला पाठवावे, असे मला मनापासून वाटते.

21 नोव्हेंबर 2025 पासून फॅक्टरी कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. प्रशिक्षण देण्याची मालकाची जबाबदारी त्यातही आहे. ते दिले की नाही हे तपासायला कागदावरची सही पुरणार नाही. त्याच गोडाऊनमध्ये, त्याच गठ्ठ्यासह, त्या माणसाला गाडी चालवायला लावूनच ते कळेल.