राजवाडा खेळण्याएवढा कसा झाला?

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, आमच्या इंदूरचा राजवाडा चौक, कुणाच्यातरी गच्चीवरून काढलेला. ऑटो काडेपेटीएवढे, माणसं मुंग्यांएवढी. आई म्हणाली, "देखावा छान केलाय हो, कुठल्या गणपतीचा?" भाचा खूश, म्हणे मामा हे एआयने केलंय.

एआय बिआय काही नाही! हल्ली कुठल्याही फिल्टरला एआयची चिठ्ठी चिकटवतात. ही जुनी टिल्ट-शिफ्ट लेन्सची गंमत आहे (टिल्ट म्हणजे लेन्स तिरकी करणं, शिफ्ट म्हणजे ती सरकवणं), आणि त्यातही शिफ्टचं काम वेगळं (उंच इमारतीच्या उभ्या रेषा सरळ ठेवणं), खेळण्याचा भास होतो तो फक्त टिल्टमुळे.

आधी डोळा का फसतो ते बघू. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स लावा, अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, २.८ वर ठेवा आणि अर्ध्या मीटरवरच्या मोदकावर फोकस करा. जेमतेम दीड सेंटीमीटर खोलीचा भाग शार्प येतो, म्हणजे पुढच्या कळ्या स्पष्ट आणि मागच्या धूसर. तीच लेन्स ३० मीटरवर फोकस केली की साधारण १५ मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं शार्प. म्हणजे पुढे-मागे धूसर दिसलं की वस्तू जवळ आहे, आणि एवढं सगळं दृश्य जवळ मावतंय म्हणजे ते लहानच असणार, असं मेंदू परस्पर ठरवून टाकतो. २०१० साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगल अर्थमधल्या शहरांच्या चित्रांवर हे तपासलं, तर धूसरपणा अंतराच्या दिशेने वाढत गेला तेव्हा लोकांना दृश्य जास्त लहान वाटलं.

आता माझा आवडता भाग. साध्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर (मागचा प्रकाश टिपणारा तुकडा) समांतर असतात. लेन्स काही अंश तिरकी केली की फोकसचं प्रतलही, म्हणजे जिथलं सगळं शार्प येतं ती सपाट पातळीही, तिरकं होतं, आणि लेन्स, सेन्सर, फोकस ही तिन्ही प्रतलं वाढवत नेली तर एकाच रेषेत भेटतात. हा शाइमफ्लुगचा नियम, ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याचा, त्याने १९०४ मध्ये पेटंट घेतलं ते आकाशातून काढलेल्या फोटोंमधला वेडेवाकडेपणा काढायला. चौक इतका लांब असतो की त्याची शार्प प्रतिमा कॅमेऱ्यात जवळपास एकाच सपाट पानावर पडते, लेन्स तिरकी झाली की हे पान सेन्सरला तिरकं छेदतं आणि जिथे छेदतं तेवढीच पट्टी स्पष्ट, वर-खाली जाल तसं धूसर. म्हणजे धूसरपणा खऱ्या अंतरावर नाही, फोटोत ती गोष्ट किती वर-खाली आहे त्यावर ठरतो! म्हणून तर मोबाइलचं ॲप नुसती वर-खाली धूसर पट्टी फिरवून हुबेहूब नक्कल करतं.

आणि इथेच चोरी पकडता येते. राजवाडा सात मजली, दरवाजा आणि वरचा मजला आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, पण भाच्याच्या फोटोत दरवाजा शार्प आणि वरचे मजले धुक्यात. खऱ्या छोट्या मॉडेलचं असं झालं नसतं. महागडी टिल्ट लेन्सही हीच चूक करते बरं का.

मी भाच्याला म्हटलं, उंचावरून काढ, ऊन कडक असू दे, रंग जरा भडक कर म्हणजे खेळण्याचा ऑइलपेंट वाटतो, आणि उंच इमारत पट्टीच्या बाहेर जाऊ देऊ नकोस. त्याने राजवाडाच कापून नवा फोटो टाकला. आईचा मेसेज आला, "राजवाडा मोडला का रे देखाव्यातला?"