सिंधुदुर्ग: तट पुरातत्त्वाचा, पाणी वनखात्याचं

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाखाली १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले चार समुद्राशी थेट भिडलेले: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. डोंगरी किल्ल्याची डागडुजी अवघड असतेच, पण त्याच्या पायथ्याची जमीन वर्षातून दोनदा जागा बदलत नाही. सिंधुदुर्गासमोरच्या किनाऱ्याची बदलते.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा मुहूर्त केला. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी तेव्हा पूजा झाली. १६६७ पर्यंत काम उरकलं. बेट सुमारे ४८ एकरांचं, तटाचा फेरा तीन किलोमीटरच्या आसपास. तट सरळ रेषेत नाही, खडक वळेल तसा वळतो. पायाचे दगड शिसं ओतून बसवले. बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जागा निवडणाऱ्याला समुद्र वाचता येत होता, हे बुरुजांच्या आड दडलेल्या दरवाजाकडे होडीतून जाताना कळतं. अगदी जवळ पोचेपर्यंत तो दिसतच नाही.

१७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं. ना ते नाव टिकलं, ना ताबा. १८१२ मध्ये करवीरकरांकडून, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडून, मालवण इंग्रजांकडे कायमचं गेलं आणि आरमारी किल्ल्याचं काम तिथेच संपलं.

जपणुकीचे कायदे आले ते एकेक करून, आणि प्रत्येकाने आपल्यापुरतंच पाहिलं. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याने दगडाकडे पाहिलं. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आणलं. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा. त्यातून १९९१ ची सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना आली, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली. मधेच १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं: २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा साधारण ३.१८ चौरस किलोमीटरचा, आणि हा गाभा किल्ल्याभोवतीच. प्रवाळ, खडकांवरचं शेवाळ आणि माशांची वीण यांसाठी हे पाणी राखायचं होतं. मच्छीमारांना पहिली शंका आली ती जाळं टाकण्याच्या हक्काची, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

परिणाम असा, की तटाचा चिरा पुरातत्त्व खात्याचा आणि तो सुटून जिथे पडेल ते पाणी वनखात्याच्या अभयारण्याचं. जेटी आणि होडीची वाहतूक मेरीटाइम बोर्डाकडे. किनाऱ्याची वाळू मात्र या कुणालाच विचारत नाही.

मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीपलीकडे देवबाग आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर घरं, माड, विहिरी. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात, आणि समुद्र निवला की त्यातली बरीचशी परत आणून टाकतात. हा हिशेब बिघडला की अंगणातला माड आधी कलतो, मग त्याची मुळं उघडी पडतात. २००९ चं फयान, २०१९ चं क्यार, २०२१ चं तौक्ते: प्रत्येक चक्रीवादळाने इथे आपली खूण ठेवली. उधाण आलं की गावाची मागणी एकच, धूपप्रतिबंधक बंधारा. लाट घराच्या ओट्यापर्यंत आलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

पण काळ्या दगडांच्या बंधाऱ्यावर आपटलेली लाट तिथेच जिरत नाही. ती परतताना पायाखालची वाळू खरवडते, आणि बंधारा संपतो तिथला उघडा किनारा आणखी जोरात कापला जातो. मग बंधारा पुढे वाढवा, ही पुढची मागणी. माझ्या मते या किनाऱ्याचा खरा तिढा किल्ल्याच्या तटापेक्षा इथे आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला उताराची मोकळी वाळू लागते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर घ्यायचे, दोन्हीकडे माणसं लावायची आणि पावलं वाळूत रुतवत जाळं ओढायचं. दगडांच्या राशीवर हे जमत नाही. बंधाऱ्याने घर वाचतं, रापणकराची जागा जाते.

किल्ल्यांनाही फार उसंत नाही. २०२० च्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटबंदीचा काही भाग ढासळला. तटाच्या सांध्यांत खारं पाणी शिरतं, सुकताना मिठाचे खडे धरतात आणि दर्जा, म्हणजे सांध्यांत भरलेला चुना, भुगा होऊन गळतात. मग एका उधाणात चिरा सुटतो. चुन्याच्या जागी सिमेंट भरलं तर पाणी आतच कोंडतं आणि दगडच फुटू लागतो. म्हणून दुरुस्तीला चुना लागतो, तो मुरायला कोरडे दिवस लागतात, आणि सिंधुदुर्गाला तर माणूस, चुना, दगड सगळं होडीनेच न्यायचं. प्रवाशांची होडी मे अखेरीला बंद होते ती सप्टेंबरात सुरू होते. तटाला सर्वांत जास्त मार बसतो तो याच मधल्या तीन महिन्यांत.